विमानाच्या आवाजाची तबकडी

आमच्या घरात एक गोष्ट गेली चाळीस वर्षं चुकीची सांगितली जाते. आईच्या आवाजाची एकुलती एक तबकडी होती आणि ती वहिनींच्या हातून खराब झाली, अशी ती गोष्ट. लग्नकार्यात, बारशात, जेवणं आटोपून बायका सुपारी कातरायला बसल्या की कोणी तरी ती काढतंच. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, वहिनींच्या देखतही सांगतात आणि वहिनी हसतात. माझ्या बायकोनं ती आमच्या सुनेला सांगितली आहे. मी दर वेळी तिथंच बसलेला असतो. काही वेळा पाणी प्यायला उठतो. आता साठी उलटली आहे आणि उठून जाण्याचा कंटाळा आला आहे. म्हणून या प्रकरणात जे झालं ते झालं तसं लिहितो.

आम्ही तेव्हा खडकेश्वरच्या मागच्या गल्लीत तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात नोकरीला होते. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलताना ‘एहतियात’, ‘मेहेरबानी’, ‘आहिस्ता’ असे शब्द त्यांच्या तोंडी सहज यायचे आणि रागावले की ते आणखी अदबशीर बोलायचे. पुढची खोली त्यांची. तिच्यात एक लोखंडी पलंग, भिंतीतलं कपाट आणि खिडकीखाली टेबलावर रेकॉर्ड प्लेअर. तो त्यांनी छावणीतल्या एका निवृत्त साहेबाकडून घेतला होता. मधल्या खोलीत मी आणि माझी पुस्तकं, मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्यावर पत्र्याची एक खोली दादा-वहिनींसाठी नंतर काढलेली. सकाळी हापशावर बायकांची भांडणं, शेजारच्या घरातला खलबत्ता, दुपारची अजान, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलातली सिनेमाची गाणी, एवढे आवाज आमच्या घरात दिवसभर येत-जात असत. अण्णांना त्यांचा त्रास व्हायचा नाही. म्हणायचे, “बाहेरचा आवाज बाहेरचा असतो. घरातला आवाज गेला की घर मुकं होतं.”

घरातला आवाज म्हणजे आई. मी दहा वर्षांचा असताना ती छातीच्या आजारानं गेली. ती सोयगावकडची, आणि तिच्या माहेरी कोणा अभ्यासक बाई जात्यावरच्या ओव्या गोळा करत आल्या होत्या. आई तेव्हा माहेरपणाला गेलेली. बाईंनी तिला जात्यावर बसवून चार ओव्या टेपवर घेतल्या. टेपा महाग असायच्या, काम झालं की पुसून परत वापरायच्या. ती टेप पुसली जाण्याआधी अण्णांनी कोणाकोणाच्या ओळखी काढून मुंबईला तिची एक तबकडी कापून घेतली. बाजारातल्या रेकॉर्डसारखी ती साच्यातून काढलेली नव्हती. पत्र्याच्या चकतीवर मऊ काळा थर, आणि त्याच्यावर थेट कोरलेली रेघ. अशी तबकडी दर वेळी वाजताना थोडी थोडी झिजते. हे अण्णांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नियम केला होता: वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, जेवणं झाल्यावर आणि विडे द्यायच्या आधी, ती एकदाच लावायची. शेजारचे लोकही त्या दहा मिनिटांत रेडिओ बारीक करायचे. चारच ओव्या, मागं जात्याची घरघर. पहिली मला अजून पाठ आहे:

सोयगावच्या वाटेला उभी लिंबाची सावली
माहेराहून येताना मागं राहिली माउली

दर वर्षी खरखर वाढत होती. प्लेअरची जुनी सुई जड होती, तबकडीवर भार टाकून चालायची. “दर वर्षी तुझी आई थोडी लांब जाऊन बसते,” असं अण्णा एकदा मला म्हणाले होते. असं काही ते क्वचितच बोलायचे.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आल्या. इंदुमती हे त्यांचं नाव, माझ्यापेक्षा वर्षानं मोठ्या, सोयगाव तालुक्यातल्याच एका शेतकरी घरातल्या. दादा वाळूजला कारखान्यात जायचा, शिफ्टची नोकरी, घरी असला की झोपलेला. वहिनींच्या बोलण्याला आमच्या गल्लीतल्या बायका हसायच्या. “लई गोड बोलती गं तुमची सून,” असं मुद्दाम त्यांच्यासारखं बोलून दाखवायच्या. वहिनीही कमी नव्हत्या. “व्हय की, मावशी. तुमच्या गल्लीत साखर महाग हाय, म्हणून घेऊन आले,” म्हणायच्या. येसरची आमटी त्या अशी करायच्या की वास हापशापर्यंत जायचा. धपाट्यांवर लोण्याचा गोळा ठेवून ताट माझ्यापुढं सारायच्या आणि म्हणायच्या, “खावा भाऊजी, इंजिनेर व्हायला ताकद लागती.” मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो.

त्यांच्या पहिल्या वर्षीच्या तिथीला अण्णांनी तबकडी लावली. वहिनी दाराशी पदर सावरून बसल्या होत्या. तिसऱ्या ओवीच्या मध्ये आईचा आवाज एक क्षण थांबतो आणि घशातून ‘हं’ असा एक बारीक आवाज येतो. तो आला की अण्णा दर वेळी डोळे मिटायचे. संपल्यावर ते कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, “तेव्हाच खोकला सुरू झाला होता तिला. माझ्या लक्षात आलं नाही.” आणि मग वहिनी, नवी सून, सासऱ्यापुढं पहिल्यांदा आपणहून बोलल्या. “मामंजी, त्यो खोकला नाय.”

अण्णांनी मान वर केली.

“जात्यात मूठ टाकताना दम घेत्यात तसा. एका हातानं खुंटा फिरवायचा आन् दुसऱ्यानं दाणं टाकायचं. तवा गाणं तुटतंय. माझी आय बी तसाच दम घेती.” आणि त्यांनी बसल्या जागी हात फिरवून, मूठ टाकून, तसा दम घेऊन दाखवला. अगदी तसाच.

अण्णा उठून मोरीकडं गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. आठ वर्षं ते त्या एका आवाजाचा दोष स्वतःकडं घेऊन बसले होते, आणि या मुलीनं तो दोन वाक्यांत काढून टाकला. त्या दिवसापासून पुढच्या खोलीत वहिनींना मुभा झाली. दुपारचं आवरून त्या तिथं येऊन बसायच्या, अण्णा त्यांना रेकॉर्डी ऐकवायचे, आणि अण्णांनी विचारलं की त्या आपल्या गावाकडच्या ओव्या म्हणून दाखवायच्या. आम्हा दोघा मुलांना अण्णांनी त्या प्लेअरला कधी हात लावू दिला नव्हता. धूळ पुसायचं काम मात्र वहिनींचं झालं. दादा म्हणायचा, “अण्णांना मुलगी पाहिजे होती, मिळाली.” मला त्याचं काही वाटायचं नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. ते पूर्ण खरं नाही. आई माझी होती आणि तिच्याबद्दल नवं काही सांगणारी बाई बाहेरून आली होती, हे मला थोडं टोचायचं.

पुढच्या वर्षी तिथीच्या महिनाभर आधी दादानं कारखान्यातल्या एका मित्राकडून, जो दुबईहून यायचा होता, नवं कार्ट्रिज मागवलं. सुई जिच्यात बसते आणि जिच्यातून आवाज निघतो ती डबी, म्हणजे कार्ट्रिज. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी काळी वस्तू. तिच्या खाली केसापेक्षा थोडी जाड अशी नळी आणि नळीच्या टोकाला हिऱ्याचा कण. ही सुई फक्त दोन ग्रॅम भार टाकते, जुनीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढासुद्धा नाही. हिच्यामुळं तबकडी झिजायची जवळजवळ थांबणार होती. या कार्ट्रिजचा आवाज फार बारीक निघतो, म्हणून माझा मित्र मजीद याच्या थोरल्या भावानं, त्याचं सिटी चौकाकडं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तो आवाज वाढवणारी एक वेगळी डबी बनवून दिली. बसवायचं काम मात्र अण्णांनी स्वतः केलं. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून, चिमट्यानं लाल, पांढरी, निळी, हिरवी अशा चार तारा एकेक करून चढवल्या. वहिनी टॉर्च धरून उभ्या होत्या. “आहिस्ता, सूनबाई, उजेड इकडं.” मग मागचं वजन फिरवून त्यांनी दांडी अधांतरी तोलून धरली आणि वहिनी म्हणाल्या, “सोनाराच्या काट्यावानी हाय की वो.” अण्णांना ते इतकं आवडलं की येईल त्याला ते सांगत राहिले. मी दारात उभा राहून पाहत होतो. मला कोणी टॉर्च धरायला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवसांत चिकलठाण्याच्या विमानतळावर ते विमान आलं. मला विमानांचं वेड होतं. आमच्या विमानतळावर रोजची ठरलेली विमानं यायची आणि मी त्यांचे आवाज घरात बसून ओळखायचो. हे मात्र नवं होतं. इंग्लंडमध्ये बनलेलं छोटं जेट, नाव एक-चार-सहा, लहान शहरांसाठी म्हणून काढलेलं, आणि ते इकडच्या लोकांना दाखवायला देशोदेशी फिरवत आणलं होतं. आमच्या कॉलेजातल्या काही मुलांना आत जाऊन बघायची परवानगी मिळाली. मी आणि मजीद सायकलींवर गेलो. वहिनींनी धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती.

ते उतरताना पाहिलं तो क्षण मला आजही शब्दात नीट सांगता येत नाही. पंख छताला बसवल्यासारखे वर, त्यांच्याखाली चार इंजिनं लहान घागरींसारखी लटकलेली. इतर जेटांसारखा कान फाडणारा आवाज नाही. पण पंखांमागच्या झडपा खाली आल्या तशी एक लांब हूक उठली, माळावर कोल्हा रडतो तशी, आणि एकदम थांबली. मग शेपटीचं टोक दोन पाकळ्या उघडाव्यात तसं उघडलं आणि विमान अलगद टेकलं. मजीद मला म्हणाला, “क्या बे सुधा, ये तो सियार है, जहाज नै.” विमानाबरोबर आलेला एक गोरा मेकॅनिक, मान उन्हानं लाल झालेली, आम्हाला एकेक भाग दाखवत होता. सगळी मुलं इंग्रजीच्या धास्तीनं गप्प. मजीदनं विचारलं, “साहब, एवरेज क्या देता?” आमच्या मास्तरांनी ते भाषांतर करायचं टाळलं. निघताना त्या मेकॅनिकनं आम्हा दोघांतिघांना एक निळी तबकडी दिली. कागदासारखी पातळ, लवचीक प्लॅस्टिकची, जाहिरातीसाठी काढलेली. तिच्यात त्या विमानाचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा कोर्टात, दादा शिफ्टला, वहिनी दळण घेऊन गिरणीवर गेलेल्या. उद्या आईची तिथी होती, म्हणून दळण जास्त होतं आणि गिरणीवर रांग असणार, हे मला माहीत होतं. मजीदला बोलावलं. मी अण्णांच्या खोलीत शिरलो आणि प्लेअरचं झाकण उघडलं.

ती निळी तबकडी इतकी हलकी होती की चकतीवर फुगून राहायची, आणि सुई तिच्यावरून घसरायची. अशा वेळी काय करतात हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. सुई उडायला लागली की तिच्या डोक्यावर नाणं ठेवायचं. हॉटेलातल्या प्लेअरवर तर ते कायमचं चिकटवलेलं होतं. जुन्या जड सुयांना ते चालायचं. मी अण्णांच्या नव्या कार्ट्रिजवर आठ आणे ठेवले. तरी घसरली. आणखी एक ठेवलं. मग चालली. डबीचं पोट तबकडीला टेकलं होतं आणि ती नळी कुठं दिसतच नव्हती, पण आवाज आला. एक इंग्रज काही तरी बोलला, इंजिनं चालू झाली, आणि मग ती हूक. आम्ही ती चार वेळा ऐकली. चौथ्या वेळी मजीदनं खिडकीकडं तोंड करून कोल्ह्यासारखी तान घेतली, मला हसू आवरेना, आणि दांडी उचलताना हात हलला. सुई निळी तबकडी पार करून चकतीच्या लोखंडी काठावरून कर्र करत गेली.

नाणी काढली. अण्णांचं भिंग घेतलं. नळी एका बाजूला वाकली होती आणि टोकाचा हिऱ्याचा कण सैल झाला होता. मी टाचणीनं ती जमेल तशी सरळ केली.

मजीद आता हसत नव्हता. “अब्बा कू बोल दे. एक बार मार खाले, खलास.”

“अण्णा मारत नाहीत रे,” मी म्हणालो.

“वोइच तो मुश्किल है,” तो म्हणाला. आणि जाताना दारातून परत वळून, “सुधा, कल के पहले बोल.”

मी संध्याकाळी सांगणार होतो. अण्णा आले ते दुसऱ्या दिवसाचं सामान घेऊन, खुशीत. “उद्या ऐक तुझी आई कशी जवळ येऊन बसते,” म्हणाले. मी मनाशी म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी भटजी आले. वहिनींनी पहाटेच खोली झाडून प्लेअर पुसला होता, मी मधल्या खोलीतून त्यांना पाहिलं होतं. स्वयंपाकघरात वडे तळले जात होते, कढी उकळत होती, खिरीचा वास घरभर होता. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगत होतो की टाचणीनं सरळ केली आहे, कदाचित चालेल. मला यंत्रातलं जेवढं कळत होतं तेवढ्यात ती चालणार नाही हे स्पष्ट होतं. हे मी इथं मुद्दाम लिहितो, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला कळलं नव्हतं.

जेवणं झाली. सगळे पुढच्या खोलीत बसलो. शेजारचा रेडिओ बारीक झाला. अण्णांनी तबकडी दोन्ही तळव्यांवर धरून काढली, ठेवली, सुई टेकवली. आई आली. पहिली ओळ, स्वच्छ, खरोखर जवळ. अण्णांनी वहिनींकडं पाहिलं. आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तो कण निसटला असणार, आवाजाच्या जागी कराकर सुरू झाली. सुईपाशी एक बारीक काळं सूत निघालं आणि कुरळं होत वर आलं, सुताराच्या रंध्यातून छिलका निघतो तसं. तो आईच्या आवाजाचा थर होता. अण्णांना वाटलं धूळ आहे. त्यांनी सुई उचलली, फुंकर मारली, रुमालानं टोक टिपलं आणि पुन्हा टेकवली. मी तेव्हा बोललो असतो तर पुढच्या तिन्ही ओव्या वाचल्या असत्या. मी विड्यांचं तबक धरून उभा होतो. त्यांनी तिसऱ्यांदाही टेकवली. तिसऱ्यांदा चारही ओव्यांवरून ती नांगरासारखी गेली.

मग त्यांनी भिंग लावून सुई पाहिली. बराच वेळ पाहत राहिले. “सकाळी कोणी पुसलं होतं?”

“मी, मामंजी,” वहिनी म्हणाल्या.

“हं,” अण्णा म्हणाले. एवढंच. दादानं मात्र सगळ्यांसमोर आवाज चढवला. “तुला हात लावायला सांगितलं कोणी? शेणामातीचे हात ते!” वहिनींनी आपल्या हातांकडं पाहिलं. मी तबक खाली ठेवलं आणि कोणी तरी मला विडे वाटायला सांगितलं म्हणून ते परत उचलून वाटले.

संध्याकाळी अण्णा त्यांना म्हणाले, “सूनबाई, त्या खोलीची साफसफाई यापुढं मी करत जाईन. तुम्हाला तसदी नको.” आजवर ते त्यांना ‘तू’ म्हणत होते. वहिनी त्यानंतर दुपारी तिथं जाऊन बसल्या नाहीत. चहा दारातून द्यायच्या. आणि त्यांच्या ओव्या थांबल्या. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना त्या गुणगुणायच्या, तेही थांबलं. अण्णा म्हणायचे ते घर मुकं होणं मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या घरात त्या चालीच्या, त्या भागातल्या ओव्या ज्यांना येत होत्या अशा त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी म्हटल्या असत्या तर आई निदान थोडी शिल्लक राहिली असती, हे मला तेव्हा कळलं नाही. अण्णांनाही कळलं नसावं, किंवा कळून त्यांनी तो शब्द मागं घेतला नसावा.

सांगायच्या संधी पुढं इतक्या आल्या की त्यांची यादी करायची मला लाज वाटते. एकच सांगतो. अण्णा शेवटच्या आजारात दवाखान्यात होते. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. ते अगदी शुद्धीवर, ताप उतरलेला, मी मोसंबी सोलून देत होतो. वरून विमान गेलं. अण्णा म्हणाले, “तुझं ते कोल्ह्यासारखं ओरडणारं विमान परत आलं नाही का रे कधी?” मी त्यांना कधी काळी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. मी म्हणालो, नाही आलं. ते म्हणाले, “आवाज काय होता तो, एकदा ऐकायला पाहिजे होता.” माझ्या हातात मोसंबीची फोड होती. यापेक्षा उघडं दार कोणाला मिळतं? मी ती फोड त्यांच्या हातात दिली आणि बिया काढायला वाटी आणतो म्हणून बाहेर गेलो. पाच दिवसांनी ते गेले. मजीदलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यानं एकदाही कोणाला सांगितलं नाही आणि माझ्याशी त्याची मैत्री आधीसारखी राहिली नाही, त्याचं कारण आम्ही दोघं जाणून होतो.

दादा तीन वर्षांपूर्वी वारला. वहिनी बजाजनगरला मुलाकडं असतात. गेल्या महिन्यात मी ठरवून गेलो. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. वहिनी गॅलरीत पाट टाकून मेथी निवडत बसल्या होत्या. गुडघे दुखतात, नजर कमी झाली आहे, जीभ मात्र तशीच. “या भाऊजी. आज वाट चुकलात व्हय?”

मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. निळी तबकडी, आठ आणे, टाचणी, सकाळी गप्प राहिलो ते. फार वेळ लागला नाही. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट सांगायला पाच-सात मिनिटं पुरली. मला वाटत होतं, त्या म्हणतील की त्यांना आधीपासून संशय होता. तशी मी मनात सोय करून गेलो होतो.

“म्हंजी मी नव्हते,” वहिनी म्हणाल्या.

“नाही, वहिनी.”

“मी समजत हुते माझी बांगडी लागली आसंल.” त्यांनी डावा हात उचलला आणि सवयीनं बांगड्या कोपराकडं सरकवल्या. त्या काहीही पुसताना, भांडं ठेवताना, नातवाला उचलतानाही तसं करतात. मी ते हजार वेळा पाहिलं आहे. “लई आठवून बघितलं मी. लागल्यालं आठवत नव्हतं, पण लागली आसंल बिगर ते वाकंल कसं? म्हणून धरून चालले.”

मी म्हणालो, मी सगळ्यांना सांगणार आहे, लिहिणार आहे.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “पण ज्यांना सांगायचं हुतं ते ऱ्हायले का वाचायला?” त्यात राग नव्हता, खरंच विचारल्यासारखं होतं. मग हातातली जुडी निवडून संपवली. खाली भाजीवाला ओरडत गेला. “मामंजींनी मला घालूनपाडून कवा बोललं नाय. माझ्या हातचंच जेवले शेवटपतुर. पर त्या खोलीत परत ये म्हणले नाय.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “भाऊजी, तुम्ही तवाच सांगितलं आसतं, तर मला परत बोलावलं आसतं का त्यांनी?”

कोण जाणे, असं म्हणता आलं असतं. पण अण्णांना मी ओळखत होतो.

“त्याच दिवशी,” मी म्हणालो.

“व्हय,” वहिनी म्हणाल्या. “मला बी तसंच वाटतंय.”

आणि त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली. पानं पातेल्यात आणि देठ कागदावर टाकायचे, पण त्यांच्याकडून देठही पातेल्यात पडत होते. ते त्यांना दिसत नव्हतं. मी एकेक देठ वेचून बाजूला ठेवत राहिलो.